तिघांचे आभार राहून गेले

"चार मिळाले की फोन करते," फाइलवाली म्हणाली आणि माझ्या फाइलवर तिने पेन्सिलीने एक खूण केली. मी विचारलं, चार काय? मला वाटलं चार रिपोर्ट असतील, नाहीतर चार सह्या. त्या इमारतीत कुठलीच गोष्ट एका कागदावर भागत नाही. फाइलवाली म्हणजे कंपवातावरच्या नव्या उपचाराची जी ट्रायल आहे, तिची कागदपत्रं सांभाळणारी नर्स. तिचं नाव तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पण कवेतली जाड निळी फाइल नेमकी त्या पट्टीवर येते, त्यामुळे तीन वर्षांत मला ते वाचता आलेलं नाही. "चार गर्भ हो काका," ती म्हणाली. "मेंदूच्या एका बाजूला तेवढे लागतातच. कमी पेशी घालून उपयोग होत नाही. मागच्या वेळी नव्हते का चार? आणि ते दोन-तीन दिवसांच्या आत मिळावे लागतात, म्हणून तर एवढं थांबावं लागतं." मग तिने मला डाव्या हाताच्या ऑपरेशनसाठी संमतीचा एक सहा पानी कागद दिला, शुक्रवारपर्यंत तुमची आणि काकूंची सही करून आणा म्हणाली, आणि दार उघडून पुढच्या पेशंटला हाक मारली. मी उठलो, डाव्या हाताने कागद घेतला, तो इतका फडफडायला लागला की उजव्या हातात घ्यावा लागला, आणि जिना उतरून रस्त्यावर आलो.

चार. मी एक धरून चाललो होतो. पहिल्या ऑपरेशनने उजवा हात स्थिर झाल्यापासून दोन वर्षं रोज सकाळी दुकानाचं शटर उघडताना मी एकाचे आभार मानत आलो. उजव्या हातात किल्ली घ्यायची, कुलपाला लावायची, ती पहिल्या फटक्यात आत गेली की मनात म्हणायचं, बाबा रे, तुझ्यामुळे. एवढंच. मला प्रार्थना वगैरे जमत नाही. देव आहे असं मी मानतो, पण आमची फारशी ओळख नाही, आणि ओळख नसताना रोज उठून बोलत बसणं मला अवघड वाटतं. ह्याच्याशी मात्र बोलावंसं वाटे. आणि आता कळतं की असे चार होते. म्हणजे तिघे रोज माझ्या डोक्यात बसून ऐकत होते, मी चौथ्याशीच बोलतोय ते. मला भर रस्त्यात लाज वाटली. लग्नाच्या पंगतीत एकाच पाहुण्याला आग्रह करावा आणि बाकीच्यांकडे पाठ करून बसावं, तसं झालं होतं. फुटपाथवर एका इमारतीच्या काचेच्या दारात माझं प्रतिबिंब दिसलं: बारीक बारीक पावलं टाकणारा एक माणूस, उजव्या हातात कागद स्थिर, डावा हात खिशात, आणि खिसा हलतोय.

डॉक्टरांनी मला फसवलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी समोर बसवून सगळं सांगितलं होतं. मेंदूतल्या ज्या पेशी हालचालीचा रस तयार करतात त्या माझ्या मरत चालल्यात. गोळ्यांनी काही वर्षं रेटता येईल, पुढे येणार नाही. गर्भ सहा-आठ आठवड्यांचा असताना त्याच्या मेंदूत ह्याच पेशी तयार होत असतात, त्या आणून माझ्या डोक्यात पेरायच्या. ज्या बायका गर्भपात करून घेतात त्यांच्यापैकी ज्या राजी असतील त्यांच्याकडून त्या मिळतात. आधी त्यांचं ठरतं, मग वेगळा माणूस जाऊन वेगळं विचारतो. आमचं नाव त्यांना कळत नाही, त्यांचं आम्हाला. तुमची काही अडचण आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. तेव्हा माझा उजवा हात मांडीवर आपल्या मनाने कणीक मळत असल्यासारखा चालू होता, आणि त्याच्याकडे बघत मी कशालाही हो म्हटलं असतं. किती, हे मी विचारलं नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि त्याचं कारण माझा धंदा.

मी रफू करतो. जळलेला, कुरतडलेला, खिळ्याला अडकून फाटलेला कोट माझ्याकडे येतो, आणि परत जातो तेव्हा भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. हे काम मला मामांनी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता: धागा त्याच कपड्याचा. कोटाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणी बघत नाही तिथून, एकेक तार काढायची, सुईत ओवायची आणि भोकावर आधी उभी, मग आडवी विणून घ्यायची. बाजारातला धागा कितीही जुळला तरी दोन धुण्यांत उघडा पडतो. एक भोक, एक कापड, एक धागा. चाळीस वर्षं हेच केल्यावर डोकंही त्याच घडीत पडतं. माझ्या डोक्यात एक भोक होतं, कुणा एकाच्या कापडातून तार काढून ते बुजवलं, असं मी समजून चाललो. चौघांच्या तारा काढून एक भोक बुजवतात हे माझ्या हिशेबात बसणारंच नव्हतं.

मामांचा नियम मी एकदाच मोडला. एका गृहस्थाचा राखाडी सूट होता, दुमड इतकी अरुंद की तार निघेना. आणि खुंटीवर तसाच राखाडी एक कोट दीड वर्ष पडून होता, कोणी न्यायला आलं नव्हतं. मी त्याच्या दुमडीतून तारा काढल्या. काम सुरेख झालं, गृहस्थ खूश होऊन गेले. मला मात्र त्या खुंटीकडे बघवेना. न आलेल्या माणसाचं घेतलं म्हणजे घेतलंच, असं वाटत राहिलं. तो आला नाही म्हणून तो नव्हताच असं थोडंच होतं? बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुम्ही कोटाचं एवढं मनाला लावून घेता, माणसांचं घेतलं असतं तर काय झालं असतं. मी हसण्यावारी नेलं. ती हसत होती की नाही ते मी पाहिलं नाही.

दुकानात येऊन मी शटर उघडलं. किल्ली पहिल्या फटक्यात आत गेली आणि ओठांवर आलेलं वाक्य तिथेच अडकलं. कुणाला म्हणायचं आता? आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी दोन वर्षांत आली नव्हती. ज्याच्याशी मी बोलत होतो त्याला मी मनात एक नाव दिलं होतं. धाकटा. बाबा रे धाकट्या, तुझ्यामुळे. हे नाव कुठून आलं, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. आम्हाला एकच मुलगी, ती बत्तीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात पुलांचे नकाशे काढते. तिला धाकटं कोणी नाही. म्हणजे झालं नाही. ती आठ महिन्यांची असताना बायकोला पुन्हा दिवस गेले. एक खोली, नुकतंच टाकलेलं दुकान, रात्रभर रडणारं एक मूल, आणि बायकोचं वजन पहिल्या बाळंतपणात उतरलेलं ते भरून आलेलं नव्हतं. आम्ही ठरवलं. "आम्ही" असं मी म्हणतो खरं. ती म्हणाली, मला झेपणार नाही, आणि मी म्हटलं, तू म्हणशील तसं. ते म्हणताना मला किती हलकं वाटलं होतं, ते मला आजही आठवतं. जबाबदारी तिची, सुटका माझी. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. कोणी तो काढू नकोस असं म्हटलं नव्हतं, तरी निघाला नाही, आणि इतक्या वर्षांनी कुणाचा तरी गर्भ डोक्यात घालून घेतल्यावर मी त्याला धाकटा म्हणायला लागलो. माणसाचं मन किती सोयीस्कर असतं ते बघून मला स्वतःचा राग आला.

एक काळा कोट कामाला होता, कोपराजवळ सिगारेटने जळलेला. तो मी फळीवर टाचण्यांनी ताणून बसवला. पूर्वी कापड डाव्या हाताच्या बोटांवर धरायचो. आता डावा हात मांडीखाली दाबून बसतो, म्हणजे त्याची थरथर फळीपर्यंत पोचत नाही. तासाभराने मांडी बधिर होते. डॉक्टर म्हणाले होते की ही बाजू अशीच सोडली तर वर्षा-दोन वर्षांत डावा पाय धरेल, मग चालणं, मग गिळणं. उजवा हात एकटा शहाणा राहून काय करणार? सुईत तार ओवली. ऑपरेशननंतर चौदा महिने काहीच फरक नव्हता, आणि मग एके दिवशी सकाळी ह्याच खुर्चीत बसून मी सहज सुई उचलली आणि ओवली. ओवल्यावर लक्षात आलं. मी सुई परत रिकामी केली आणि पुन्हा ओवली, मग तिसऱ्यांदा, आणि मग बायकोला फोन करून बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर ओवली. तिने माझ्या हाताला हात लावून पाहिला, गरम आहे का बघतात तसा, आणि मागच्या बाथरूममध्ये निघून गेली. तेव्हापासून ह्या हाताने मी केलेल्या प्रत्येक कामाचं मला कौतुक वाटतं: दाढी, बटणं, न सांडता प्यालेला चहा. साठीच्या माणसाला स्वतःचं एवढं कौतुक शोभत नाही, पण वाटतं खरं. आणि ते वाटतं म्हणूनच आज सगळं अडलं होतं. मला जर हा हात नुसता दुरुस्त होऊन आला असता, घड्याळ दुरुस्त होऊन येतं तसा, तर चार असोत की चाळीस, मला काय? पण मी आभार मानायला बसलो होतो, आणि आभार मानायचे तर कोण आणि किती हे माहीत असावं लागतं.

मग सुईबरोबर विचार पुढे सरकत राहिले. सहा-आठ आठवड्यांचं ते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यात जीव होता का? जीव होता म्हटलं तर मी चार जिवांवर चालतोय, आणि शुक्रवारी सही केली की आठ होतील. एका रफूवाल्याच्या दोन हातांसाठी आठ. जीव नव्हता म्हटलं तर माझ्या डोक्यात आज जे जिवंत आहे, ज्याच्यामुळे ही सुई स्थिर आहे, ते काय आहे? तिथे मेलं आणि इथे जिवंत आहे, हे एकाच वेळी कसं खरं असेल? कुणी माझ्यासाठी काही मारलं नाही, हे मला माहीत होतं. त्यांचं आधीच ठरलं होतं. पण खुंटीवरचा कोटही कुणी माझ्यासाठी टाकून गेलं नव्हतं. मागचे चार घेतले ते नकळत, असं म्हणता येईल. आता कळूनसवरून आणखी चार मागून घ्यायचे म्हणजे हावरटपणा झाला. काळ्या कोटाची शेवटची आडवी तार आत ओढेपर्यंत माझं ठरलं होतं की सही करायची नाही. ठरल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण मांडीखालचा हात थरथरत होता आणि मला भीती वाटत होती.

दोन वाजता बायको डबा घेऊन आली. ती स्टुलावर बसली, डबा उघडला, चमचा माझ्या उजव्या बाजूला ठेवला. मी म्हटलं, "चार होते."

"कोण चार?"

"माझ्या डोक्यात. मी आपला एकच समजत होतो. एकाचेच आभार मानत होतो रोज."

"शटर उघडताना पुटपुटता ते?" ती म्हणाली. "मला वाटायचं कुलपाला शिव्या देता."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कागद तिच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं की मी सही करणार नाही. आठ होतील, मला ते पेलणार नाही. तिने डब्याचं झाकण उलटं करून ठेवलं, परत सुलटं केलं. मग विचारलं, "तुमच्यासाठी कोणी पाडून घेतलं का?"

"नाही. फाइलवाली म्हणते, त्यांचं आधीच ठरलेलं असतं. नंतर विचारतात."

"फाइलवालीने कशाला सांगायला हवं? मला माहीत आहे." ती माझ्याकडे न बघता फळीवरच्या कोटाकडे बघत होती. "मलाही विचारलं होतं. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, मांडीवर कुणाची तरी बाही घेऊन. आत एक बाई आली. म्हणाली, तुमचं जे ठरलंय त्याच्याशी ह्या कागदाचा काही संबंध नाही, पण संशोधनासाठी द्यायचं असेल तर इथे सही करा, नसेल तर राहू दे. मी विचारलं, नाही दिलं तर काय करतात? ती म्हणाली, जाळून टाकतात. मी सही केली."

मी चमचा डब्यात परत ठेवला. "मला सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत? घरी येताना बसमध्ये तुम्ही मला एक वाक्य बोललात. म्हणालात, बाहीचा रंग अगदी जुळला. बस्स."

मी ते बोललो होतो. एकतीस वर्षं ते वाक्य माझ्या गावीही नव्हतं, आणि तिने म्हटल्याबरोबर ती खिडकीची सीट, तिची मांडीवर एकावर एक ठेवलेली बोटं, माझ्या हातातली निळी बाही सगळं समोर आलं. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी ते बोललो होतो, आणि मला जे येत होतं तेवढंच बोललो होतो. "तुला कसं वाटलं होतं?" मी विचारलं. एवढं विचारायला मला एकतीस वर्षं लागली.

"पहिली काही वर्षं रोज वाटायचं," ती म्हणाली. "काय ते नेमकं सांगता यायचं नाही. मग पोरीची शाळा, तिचं आजारपण, मग कधीमधी. चुकलं असं नाही वाटत मला. तेव्हा दुसरं जमलंच नसतं. पण एक वाटायचं, की त्याचं पुढे काय झालं ते कळावं. कुणाच्या कामाला आलं की तिथेच कुठे बाटलीत राहिलं. तसं कोणी कळवत नाही. कळवायची पद्धतच नसते म्हणे." ती थांबली. "तुम्ही मला बोलावून सुई ओवून दाखवलीत ना, तेव्हा मी आत जाऊन रडले. तुम्हाला वाटलं तुमच्यासाठी."

"मग कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच हो. पण थोडं माझंही होतं. म्हटलं, येतं तर कामाला."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती. मी बायकोकडे बघत होतो. दोन वर्षं मी बोलत आलो होतो तो एका बोटाच्या पेराएवढ्याशी, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं आणि ज्याने काही दिलं नव्हतं. द्यायचं की नाही हे ज्यांना विचारलं, ज्यांनी त्या खोलीत पाठीवर पडून, पोटात कळा असताना, कुणा अनोळखी माणसासाठी पेन हातात घेतलं, त्या माझ्या ध्यानातच आल्या नव्हत्या. चौघी. आणि त्यांच्यासारखीच एक रोज सकाळी मला चहा देत होती. तो जीव होता का, ह्याचं उत्तर मला आजही येत नाही, आणि देणाऱ्या त्या बायका होत्या, हे इतकं सोयीचं उत्तर समोर आल्यावर त्याच्यावर जरा संशय घ्यावा, एवढी अक्कल मला आहे. पण मी नाही म्हटल्याने त्यांतलं कोणीही परत येणार नव्हतं. त्या बायकांच्या सह्या तेवढ्या वाया गेल्या असत्या.

"सही करा, नाहीतर करू नका," बायको म्हणाली. "पण त्यांची कीव करून नको म्हणू नका. त्यांनी ती मागितलेली नाही."

मी पेन घेतलं आणि सही केली. उजव्या हाताने, सरळ. मग तिच्यापुढे कागद सरकवला. तिने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. "इथे लिहिलंय की चार. मागच्या वेळीही असणार."

"मी वाचलं नव्हतं."

"तुम्ही कधी काय नीट वाचलंत?" असं म्हणून तिने उरलेली पानं वाचली आणि शेवटच्या पानावर सही केली. सही करताना तिचा हात किंचित थांबला, मग पुढे गेला. तिने पेनाला टोपण लावलं आणि डबा आवरायला घेतला.

आमच्यात आभार मानायची पद्धत नाही. नवरा-बायकोत कोण मानतं? कोणी पाणी दिलं, कोणी पाय चेपले, कोणी आयुष्य काढलं, सगळं गृहीतच. बोलायला गेलं तर नाटकी वाटतं. डबा बांधून होत आला होता, आणि ती आता उठून जाईल हे मला दिसत होतं. "मी तुझा आभारी आहे," मी म्हटलं.

"हे काय, सभेत बोलताय का?" ती म्हणाली. पण ती हसली नाही. पिशवीचा बंद हातात तसाच धरून ती उभी राहिली, मग पुन्हा स्टुलावर बसली. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिला माझ्यापासून लपवायचंही नव्हतं.

"परत म्हणा," ती म्हणाली.